रुमाल बांधून काढलेल्या अकरा धावा

गंगाधरपंत पत्र्याची पेटी घेऊन आले तेव्हा मी मुक्ताची वेणी घालत होते, आणि मुक्ता पाठ केलेलं म्हणून दाखवत होती. "ई. एफ, पी. टी, ओ, झेड. एल, पी, ई, डी." मी वेणी सोडून तिच्या तोंडावर हात ठेवला. केस पुन्हा मोकळे झाले.

"अरे वा, इंग्रजी इतक्यातच?" गंगाधरपंतांनी पेटी उंबऱ्याच्या आत ठेवली. "पण ए, बी, सी कुठे गेलं?"

"तिला येतं तसं म्हणते झालं," मी म्हटलं आणि त्यांना पाट दिला.

गंगाधरपंत लोणावळ्याच्या मालधक्क्यावर हेडक्लार्क, आणि आमच्या रेल्वे क्रिकेट संघाचे कप्तान. संघ सुरू झाला एकोणीसशे सोळा साली, म्हणजे यंदा, एक्केचाळीसच्या डिसेंबरात, पंचविशी भरत होती. त्या निमित्ताने एक पुस्तिका छापायची होती, 'संघाच्या इतिहासातील आठ अविस्मरणीय प्रसंग', आणि ती लिहायला साऱ्या रेल्वे वसाहतीत बी.ए. झालेली मी एकटीच होते.

"पंचवीस वर्षांचा संघ या पेटीत आहे, वहिनी. सगळी स्कोअरबुकं. वाळवी लागू देऊ नका."

त्यांनी प्रसंगांची यादीही करून आणली होती. पहिला सामना, त्यात स्टंप नव्हते म्हणून सिग्नलच्या झेंड्यांच्या काठ्या रोवल्या होत्या. कुसगावचा बैल खेळपट्टीवर बसला आणि उठेना, म्हणून पंचांनी चहाची सुट्टी दिली ते वर्ष. हौशीरामने पहिल्याच चेंडूवर मोठ्या साहेबांचा त्रिफळा उडवला, आणि दांडी लांब जाऊन पडली होती तरी पंच म्हणाले, वाऱ्याने पडली असावी, तो सामना. हे सगळं सांगताना गंगाधरपंत स्वतःच हसत होते.

"आणि सहावा तुमच्या दिगंबरचा," ते म्हणाले. "खरं तर तो शेवटीच घालायचा. पण मग बाकीचे रुसतील."

सहावा प्रसंग मला कोणी सांगायची गरज नव्हती. मी तिथे होते. अडतीस सालचा जानेवारी, आमच्याच मैदानावर भुसावळच्या संघाशी सामना. मुक्ता सहा महिन्यांची, माझ्या मांडीवर. आमच्या यांच्या डाव्या डोळ्यावर चेंडू आदळला तो आवाज मला ऐकू आला. ओल्या मडक्यावर बोटाने टिचकी मारावी तसा. यांना उचलून झाडाखाली आणलं. नऊ गडी बाद झाले, अकरा धावा हव्या होत्या, आणि हे उठले. डोळ्यावर रुमाल बांधला, गेले आणि त्या अकरा धावा काढून आले. लोकांनी यांना खांद्यावर घेऊन स्टेशनपर्यंत मिरवलं. त्या गर्दीत मी मुक्ताला घेऊन मागे मागे चालत होते, आणि रुमालाचा रंग बदलत चाललेला मला दिसत होता.

त्या दिवसापासून त्या डोळ्याला फक्त उजेड आणि अंधार कळतो. हे मला माहीत होतं, यांना माहीत होतं. तिसऱ्या कोणाला नाही, असं आम्ही धरून चाललो होतो.

आणि हे मालगाडीचे गार्ड. रेल्वेत यांना घेतलं ते मुळात खेळासाठीच. फिरकी गोलंदाज हवा होता, नोकरी त्याच्या पाठीमागून आली. पण झेंडा-कंदील एकदा हातात आला की गार्ड तो गार्डच. रोज घाट उतरायचा, रोज चढायचा. गार्डाची नजर दर तीन वर्षांनी तपासतात. भिंतीवर इंग्रजी अक्षरांचा तक्ता असतो, वर एक मोठं अक्षर, खाली लहान लहान होत जाणाऱ्या ओळी. एकेक डोळा झाकून वाचायचं.

त्या वर्षीच तपासणी आली. दवाखान्यातला तक्ता वर्षानुवर्षं एकच, कधी बदलत नाही, हे वसाहतीत सगळ्यांना ठाऊक. तो मी उतरवून आणला. मुक्ताला डांग्या खोकल्याचं औषध आणायला म्हणून गेले आणि डॉक्टर आतल्या खोलीत असताना पुडीच्या कागदावर लिहून घेतला. मग सकाळी चहाच्या वेळी मी ओळ सांगायची, यांनी म्हणायची. सुरुवातीला चुकले की मी रागवायची, शाळेत रागवतात तशी. आठ दिवसांत रामरक्षेसारखं पाठ झालं. यांनी उजवा डोळा झाकला आणि जो डोळा भिंतसुद्धा पाहत नव्हता त्याने पाच ओळी वाचल्या.

तीन वर्षं झाली. आता पुन्हा तपासणी होती, येत्या सोमवारी. महिनाभर आमची उजळणी चालू होती. मुक्ता तिथेच दूध पीत बसलेली असायची. तिलाही पाठ झालं, हे माझ्या लक्षात यायला उशीर झाला.

पेटीतली स्कोअरबुकं मी क्रमाने लावली. प्रत्येक सामन्याच्या पानामागे गंगाधरपंतांनी पेन्सिलीने मैदान काढलेलं असे. कोणी कुठे उभं राहायचं ते आद्याक्षरांनी. 'हौ', 'मा', 'द'. यांचं 'दि'. सदतीस सालपर्यंत 'दि' यष्टीजवळ, स्लिपमध्ये. चेंडू झेलण्यात यांचा हात कोणी धरत नसे.

भुसावळच्या सामन्यानंतरच्या पानावर 'दि' स्लिपमध्ये नव्हता. मैदानाच्या खालच्या कोपऱ्यात होता, जिथे तारेचं कुंपण येतं. पुढच्या पानावरही तिथेच. मी पानं उलटत गेले. त्या कोपऱ्यात उभं राहिलेल्या माणसाच्या डाव्या हाताला फक्त कुंपण असतं. तिकडून काहीच येत नाही. बाहेरगावच्या मैदानांवर कुंपण नव्हतं, तर 'दि'च्या डावीकडे कायम एक 'मा' उभा. मारुती, संघातला सगळ्यात चपळ खेळाडू. फलंदाजीत हे तिसरे जायचे ते नववे जाऊ लागले होते. बत्तीस सामने. ही मांडणी एकदाही चुकली नव्हती.

मी गंगाधरपंतांचा हसरा चेहरा आठवून पाहिला. मग त्यांनी मुक्ताला विचारलेलं, ए, बी, सी कुठे गेलं म्हणून.

यांना मी काही बोलले नाही. मला वाटलं, मी घाबरट आहे, मला सगळीकडे तेच दिसतं. आणि खरंच दिसायचं. हे पेल्यात पाणी ओतताना आधी पेल्याच्या कडेला तांब्या टेकवून बघत. रस्त्याने जाताना मुक्ता यांच्या डाव्या बाजूला आली की मी तिला ओढून उजवीकडे घ्यायची. मागच्या महिन्यात बाजारात ती डावीकडून सुटली आणि टांग्याच्या चाकापाशी पोचली, तरी हे माझ्याशी बोलतच होते.

दुसऱ्या दिवशी हौशीरामभाऊ आले. त्यांच्या प्रसंगाची हकीकत त्यांच्याच तोंडून घ्यायची होती. एके काळचे जलद गोलंदाज, कुसगावचे, आणि घाटातल्या चौकीवर रुळांचे सांधे बदलण्याचं काम करणारे. पंचावन्न पुरी झालेली. अंगणात झुंबरबाई आमची भांडी घासत होती. ती त्यांच्याच गावची.

"काय वो भाऊ, पुस्तकात नाव येनार म्हनून सदरा धुतला जनू," ती म्हणाली.

"तुझं बी घालाया सांगतो. पन तू कंदी बाद झालीस का?"

"मी रोजच बाद हाय."

हौशीरामभाऊ ओट्यावर टेकले. त्यांनी साहेबांच्या त्रिफळ्याची गोष्ट सांगितली, मी लिहून घेतली. पाच मिनिटांत संपली. तरी ते उठेनात. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, पुन्हा डोक्यावर घातली. झुंबरबाई भांडी घेऊन मागच्या दारी गेली तेव्हा म्हणाले, "वैनी, म्या एकतीस तारकंला सुटतोय. पेन्शनीत."

"हो, हे सांगत होते. सत्कार ठेवलाय ना तुमचा?"

"सत्काराचं न्हाई. माज्या जागी नवा गडी येनार. त्येला काय सांगू, ते इचाराया आलोय."

मला काही कळेना.

"गाडी खाली उतरताना चाकांचे आस तापत्यात. कंदी पेटत्यात. चौकीवरून गाडी जाताना आमी येक येक डबा बघतो. समदं ठीक असलं तर मागच्या डब्यातल्या गारडाला हिरवा झेंडा, न्हाई तर लाल. लाल दिसला की त्यो बिरेक लावतो. आता माजी चौकी हाय डाव्या अंगाला. समदे तितनंच झेंडा दावत्यात." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "दिगूभाऊंची गाडी असली की म्या रूळ वलांडून उजव्या अंगाला जातो. चार वर्सं झाली."

उजवीकडे काय आहे ते मला माहीत होतं. लग्नानंतर यांनी मला एकदा घाट दाखवायला नेलं होतं. रुळाच्या उजवीकडे दीड हात दगडी कड, आणि पुढे दरी.

"गाडी जाताना तुम्ही त्या कडेवर उभे राहता?"

"पाठ टेकाया कायबी न्हाई तितं. पन सव झाली."

"यांना ठाऊक आहे?"

"न्हाई. त्यास्नी वाटतं म्हातारा हाय, त्येची तऱ्हा." ते जरा हसले. "म्या सामन्याला व्हतो, वैनी. रुमाल सोडला तवा म्याच सोडला. डोळा बघून तवाच कळलं. गंगाधरपंतास्नी बी म्याच सांगितलं. आमी म्हनलं, मानसानं संघासाठी डोळा घातला, आपुन येवढं बी करू न्हाई का."

मी विचारलं, तुम्ही रजेवर असलात तर काय होतं. विचारायला नको होतं असं विचारतानाच वाटलं.

"दिवाळीच्या म्होरं मला हिवताप आलता. तवा बदली गडी व्हता. येका डब्याचा आस धुपत व्हता, गड्यानं लाल दावला, डावीकडनं. गाडी तशीच गेली. खालच्या ठेसनात धूर बघून थांबिवली. आस वितळाया आलता." त्यांनी टोपी नीट केली. "कुनाला काय झालं न्हाई. दिगूभाऊंनी साहेबास्नी लिहून दिलं, धुकं व्हतं."

तो दिवस मला आठवला. हे घरी आले, पाय धुतले आणि न विचारताच म्हणाले, घाटात आज धुकं फार. मी त्या दिवशी अंगणात गाद्या उन्हात घातल्या होत्या. आकाश इतकं स्वच्छ होतं की नागफणीच्या सुळक्यावरची झुडपं मोजता आली असती. पण घाटात असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि गाद्या आत आणल्या.

"मंग काय सांगू त्येला?" हौशीरामभाऊंनी पुन्हा विचारलं. "नवा मानूस. बायकापोरं असतील. ह्या गारडासाठी तू दरीच्या अंगाला उबा ऱ्हा, असं म्या कुन्या तोंडानं सांगू?"

"काही सांगू नका," मी म्हटलं. "मी बघते."

बघते म्हणजे काय, ते मला त्या घटकेला ठाऊक नव्हतं.

रविवारी यांना सुट्टी होती. जेवणं झाली, मुक्ता शेजारी खेळायला गेली. हे पलंगावर बसून पुडीचा तो जुना कागद डोळ्यांपुढे धरून ओठ हलवत होते. मी स्कोअरबुकं आणून समोर ठेवली.

"लिहून झालं?" यांनी विचारलं. "सहाव्यात मला फार चढवू नकोस हं. मारुती म्हणेल बायकोने लिहिलं म्हणून."

"ही पानं मागून बघा."

यांनी पान उजव्या डोळ्यासमोर आणलं, मान थोडी तिरकी करून. ही मान मला ओळखीची झाली होती. एक पान, दुसरं, तिसरं. मग भराभर. मग सावकाश पुन्हा पहिल्यापासून.

"गंगाधरपंतांनी मला कोपऱ्यात घातलं ते दम लागतो म्हणून, असं म्हणाले होते," हे म्हणाले.

"हो."

"मारुती नेहमी माझ्या बाजूला कसा, मला वाटायचं योगायोग."

मी हौशीरामभाऊंचं सांगितलं. सगळं सांगितलं, आसाचंही. हे ऐकत होते, आणि मला वाटलं होतं रागावतील. मी रागाची तयारी करून बसले होते. पण यांचा चेहरा लाल झाला तो कानापासून, लाजेने व्हावा तसा.

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं."

"हो."

"मी चार वर्षं फसवतोय असं समजत होतो. रोज गाडीवर चढताना वाटायचं, आजही कोणाला कळलं नाही." यांनी स्कोअरबुक मिटलं. "आणि तो म्हातारा दरीच्या कडेला."

"उद्या तपासणीला सांगून टाका."

आता मात्र राग आला. "सांगून टाका. सोपं आहे. मग काय, मालधक्क्यावर पोती मोजू? खोली जाईल ही. गार्डाची खोली आहे. आणि तूच पाठ करून घेतलंस ना? मी तेव्हाच म्हणत होतो, सांगू या. तू म्हणालीस, मुक्ता लहान आहे."

ते खरं होतं. यांनी तेव्हा एकदा म्हटलं होतं, अगदी पहिल्या दिवशी, आणि मी ऐकून घेतलं नव्हतं. कॉलेजात शिकलेलं इंग्रजी मी त्यानंतर एकाच कामाला वापरलं होतं.

"मी म्हणाले होते," मी म्हटलं. "चूक माझी. तळेगावला मुलींच्या शाळेत जागा आहे, मी विचारून घेतलं आहे. पोती मोजावी लागली तर मोजा. हौशीरामभाऊ एकतीस तारखेला सुटतात. एक तारखेला तुमची गाडी उतरेल आणि उजवीकडे कोणी नसेल."

यांनी टोपी घातली आणि हे चालू लागले. कुठे, ते सांगितलं नाही. मी दारात उभी राहिले. हे कुसगावच्या वाटेला लागले. कोपऱ्यावर डावीकडून सायकल आली, घंटी वाजवत; ती अगदी जवळ आली तेव्हा हे दचकून बाजूला झाले. सायकलवाल्याने काहीतरी म्हटलं. यांनी त्याला हात जोडले.

परत आले तेव्हा दिवेलागण झाली होती. हौशीरामभाऊंशी काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही. फक्त जेवताना म्हणाले, "उद्या तू चल बरोबर. एकट्याने गेलो तर तोंडातून पाठ केलेलंच बाहेर पडेल."

सोमवारी झुंबरबाई आली नाही, म्हणून मुक्तालाही घ्यावं लागलं. दवाखाना दोन खोल्यांचा. दाराशी बाक होता, तिथून आतली भिंत आणि भिंतीवरचा तक्ता दिसायचा. तीन वर्षांत तो पिवळा पडला होता. अक्षरं तीच. मला ती वाचावी लागली नाहीत. मुक्ता माझ्या मांडीवर बसून पाय हलवत होती. मी तिला पदराआड बडीशेप दिली आणि म्हटलं, बोलायचं नाही हं.

डॉक्टर घाईत होते. लढाईमुळे गाड्या वाढल्या होत्या आणि गार्ड कमी पडत होते. "या, या. तुमचं काय, पाच मिनिटांचं काम," ते यांना म्हणाले. "पंचविशीच्या सामन्याला खेळणार ना?"

डावा डोळा झाकून यांनी उजव्याने सगळं वाचलं, शेवटच्या बारीक ओळीपर्यंत. डॉक्टरांनी कागदावर खूण केली.

"आता दुसरा."

यांनी उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. डॉक्टरांनी छडी पहिल्या ओळीवर ठेवली, मग दुसऱ्या. हे गप्प. छडी तिसऱ्या ओळीवर गेली. यांचे ओठ हलले. मला ते इथूनही दिसलं, आणि माझ्या मनात ती अक्षरं आपोआप पुढे सरकली. मी दात दाबून धरले. अजूनही हे म्हणू शकले असते. अजूनही सगळं जसं होतं तसं राहिलं असतं, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला तेच हवं होतं.

"दिगंबरराव?" डॉक्टर म्हणाले.

"बाबा," मुक्ता कुजबुजली. पण तिची कुजबुज खोलीभर ऐकू जाते. "टी, ओ, झेड."

डॉक्टरांची छडी तिथेच राहिली.

हे हात न काढता आवाजाच्या दिशेने वळले. चांगला डोळा झाकलेला, आणि उघड्या डोळ्याने आमच्याकडे पाहिलं. पाहिलं म्हणजे तोंड आमच्याकडे केलं. माझ्या जागी बाकावर दुसरं कोणी असतं तरी यांना कळलं नसतं.

"मला दिसत नाही, मुक्ता," हे म्हणाले. मग डॉक्टरांना, "काहीच दिसत नाही. तुमची छडीपण नाही."

"मागच्या वेळी दिसलं होतं."

"मागच्या वेळी पाठ होतं."

डॉक्टरांनी आधी मुक्ताकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "पाठ कोणी करून घेतलं?"

हे काही बोलणार होते. मी उठून उभी राहिले, मुक्ता कडेवर. "मी," मी म्हटलं. "औषध न्यायला आले होते तेव्हा उतरवून नेला."

ते खुर्चीवर बसले. टाक उचलला, खाली ठेवला. "बाहेर थांबा," म्हणाले. "वर लिहावं लागेल मला. काय येईल उत्तर, ते मी सांगू शकत नाही."

आम्ही बाहेर येऊन पायरीवर बसलो. गाडी सुटण्याची शिटी झाली. अकराची मालगाडी, जिच्यावर यांना चढायचं होतं. यांनी सवयीने खिशातले झेंडे चाचपले. हिरवा आणि लाल, एकात एक गुंडाळलेले. मग ते काढून माझ्या हातात दिले, मी पिशवीत ठेवले. सहाव्या प्रसंगाचं पान अजून कोरं होतं, आणि गंगाधरपंत संध्याकाळी पुस्तिकेचा मजकूर न्यायला येणार होते. त्यांना काय द्यायचं, ते आता मला माहीत होतं: रुमालाबद्दल चार ओळी, आणि दगडी कडेबद्दल पान भरून.

मुक्ता माझा हात सोडून यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली, उजव्या बाजूला. तिला कोणी शिकवलं नव्हतं.

"बाबा, मी बरोबर सांगितलं होतं ना?"

"अगदी बरोबर," हे म्हणाले.

"मग तुम्ही का नाही म्हणालात?"

यांनी तिला जवळ ओढलं. ती तिच्या पद्धतीने अक्षरं पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागली.